मित्रातला हेलियम आणि विजयदुर्गचे ओटे

मे महिन्यात रात्री अकरा-बाराच्या सुमारास धामापूरच्या एखाद्या मोकळ्या सड्यावरून दक्षिणेकडे बघा. क्षितिजापासून जेमतेम तेरा अंश वर एक ठळक तारा दिसेल. हा मित्र, म्हणजे अल्फा सेंटॉरी. दुर्बिणीतून पाहिलं तर तिथे दोन तारे दिसतात, आणि त्यातला मोठा हुबेहूब आपल्या सूर्याच्या जातीचा आहे. (मित्र हे सूर्याचंही नाव, सूर्यनमस्कारातलं पहिलंच.) अंतर ४.४ प्रकाशवर्षे, वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.१ पट. पण त्यात हेलियम किती, असं विचारलं की गाडी अडते.

सूर्याचं जवळपास एक चतुर्थांश वस्तुमान हेलियमचं आहे, आणि तरीही त्याच्या नेहमीच्या वर्णपटात हेलियमचा पत्ता जवळजवळ लागत नाही. हेलियमच्या अणूला उत्तेजित करायला फार ऊर्जा लागते आणि सूर्याच्या पृष्ठभागाचं साडेपाच हजार अंश सेल्सियस तापमान त्याला पुरत नाही. वरच्या विरळ, जास्त तापलेल्या थरात मात्र त्याची खूण उमटते. तो थर सूर्याच्या झगमगाटात बुडालेला असतो. ग्रहणात चंद्राने बिंब झाकलं की तो कडेने उघडा पडतो.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचं महत्त्व इथे आहे. सावली कोकण किनाऱ्यावरून आत शिरून पूर्वेला मछलीपट्टणमपर्यंत गेली. पटवर्धनांच्या जमखिंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल, गुंटूरला जान्सेन, मछलीपट्टणमला पॉग्सन असे निरीक्षक वर्णपटदर्शक लावून बसले होते. सूर्याच्या ज्वाळांत एक पिवळी रेषा दिसली. ती सोडियमची असेल, असं वाटणं साहजिक होतं. पॉग्सनला मात्र ती नेमकी सोडियमच्या जागी बसत नसल्याचं जाणवलं.

आणि लॉकयर? तो इंग्लंडमध्ये होता. २० ऑक्टोबरला त्याने ग्रहणाविनाच ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. पिवळी रेषा वेगळ्या मूलद्रव्याची आहे या निष्कर्षापर्यंत तो पुढे पोचला आणि त्याने नाव दिलं हेलियम. पृथ्वीवर ते रॅमझेला सापडलं १८९५ मध्ये.

मग आपल्याकडे जे सांगतात, की लॉकयरने १८६८ साली विजयदुर्गावरून हेलियम शोधला आणि किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' त्याचेच, त्याचं काय? गंमत अशी की लॉकयर विजयदुर्गला खरंच आला होता, फक्त तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी त्याची मोहीम तिथे उतरली आणि एचएमएस मेलपोमीनी या युद्धनौकेच्या खलाशांनी निरीक्षणात हातभार लावला. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला जेऊरला गेले होते. माझ्या मते दंतकथा खोटी नाही. दोन ग्रहणं एकात एक मिसळली आहेत. ओट्यांचा संबंध जोडायचाच तर तो १८९८ शी जोडावा. तोवर हेलियम प्रयोगशाळेत बाटलीबंद झालेला होता. मूळ अहवाल शोधायचा तर आजच्या स्पेलिंगने हाती काही लागणार नाही. त्यात गावाचं नाव 'विझियाड्रग' असं आहे. जुन्या कागदपत्रांत शोध घेताना हे आधी करायचं: साहेब गावाचं नाव कसं लिहीत होता ते बघायचं.

आता पुन्हा मित्राकडे. त्याची कड झाकायला तिथे आपला चंद्र नाही, आणि तो इतका लांब की नेहमीच्या दुर्बिणीत नुसता ठिपकाच. म्हणून आडमार्ग घ्यावा लागतो. ताऱ्याचा पृष्ठभाग आतल्या ध्वनिलहरींनी थरथरतो; मित्राची ही कंपनं २००१ मध्ये मोजली गेली. वस्तुमान, तेज आणि कंपनं तिन्ही जुळतील असं प्रारूप गणिताने बसवायचं आणि त्यातून हेलियमचं प्रमाण काढायचं. सुरुवातीला हेलियम थोडा जास्त धरला तर तेवढ्याच वस्तुमानाचा तारा जास्त तेजस्वी निघतो, इंधन भराभर जाळतो आणि त्याचं वयही बदलतं. त्यामुळे मित्राच्या वयाचा आकडा कुठे वाचलात, तर त्या लेखकाने हेलियम किती धरला होता ते आधी शोधा. बहुतेक वेळा ते एखाद्या तक्त्याच्या तळटीपेत असतं.