भगवंतीपासून अरुंधतीपर्यंत

नाटकाचा इतिहास लिहिताना आपण नाटककाराचा काळ पाहतो, नटांची कामगिरी नोंदवितो, नाटक मंडळ्यांचे उत्कर्ष आणि अपकर्ष सांगतो. पण प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाचा इतिहास बहुधा अलिखितच राहतो. तो हसला, रडला आणि घरी गेला, इतकेच आपल्याला ठाऊक असते. घरी जाताना त्याने बरोबर काय नेले, आणि नाटककाराने जे देऊ केले होते तेच त्याने नेले काय, याचा माग काढणे कठीण असते. दूरचित्रवाणीवरील मालिकांनी ही अडचण काही अंशी दूर केली आहे. मालिका महिनोन्‌महिने चालते. तेवढ्या अवधीत प्रेक्षक पत्रे लिहितो, आर्जवे करतो, रागावतो, आणि अशा रीतीने त्याचे मन उघड होते. संसारात वीस-पंचवीस वर्षे काढलेली, मुले हाताशी आलेली, चाळिशी ओलांडलेली गृहिणी मालिकेची नायिका झाली तेव्हा आपल्या देशातील प्रेक्षकाला तिच्याविषयी काय वाटले, एवढाच प्रश्न या दृष्टीने येथे तपासावयाचा आहे.

या इतिहासाचा आरंभ ७ जुलै १९८४ रोजी झाला असे म्हणावयास हरकत नाही. त्या दिवशी दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली. तिचे मूळ मेक्सिकोत होते. तेथे मिगेल साबिदो यांनी १९७५ पासून मनोरंजनातून लोकशिक्षण करणाऱ्या मालिका निर्माण केल्या होत्या. प्रौढसाक्षरता आणि कुटुंबनियोजन हे त्यांचे विषय होते. माहिती व नभोवाणी मंत्रालयाचे तत्कालीन सचिव एस. एस. गिल यांनी तो प्रयोग पाहिला आणि भारतात तसे काही करावे असे ठरविले. मनोहर श्याम जोशी यांनी लेखन केले, पी. कुमार वासुदेव यांनी दिग्दर्शन केले, आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार पडद्यावर येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलू लागले. १७ डिसेंबर १९८५ पर्यंत तिचे १५६ भाग झाले.

साबिदो यांची पद्धती सरळ होती. काही पात्रे अनुकरणीय, काही त्याज्य, आणि काही दोहोंमध्ये हेलकावे खाणारी. अनुकरणीय पात्राला कथेत चांगले फळ मिळावे, त्याज्य पात्राला वाईट मिळावे, म्हणजे प्रेक्षक आपोआप योग्य तो धडा घेईल, अशी तीमागील श्रद्धा होती. ‘हम लोग’मधील भगवंती ही या हिशेबात त्याज्य बाजूची होती. पती बसेसर राम दारूच्या आहारी गेलेला, पाच मुलांचा प्रपंच, सासूची बोलणी, आणि या सर्वांपुढे मान खाली घालून राबणारी ही बाई. स्त्रीने असे राहू नये, हे दाखविण्यासाठी तिची योजना केलेली होती.

प्रेक्षकांनी काय केले? या मालिकेच्या निमित्ताने सुमारे चार लाख पत्रे आली. बडकीने अश्विनीशी लग्न करावे म्हणून विनवण्या आल्या. कुटुंबनियोजनाचा जो उपदेश प्रारंभीच्या भागांत उघडपणे केला होता तो लोकांना रुचला नाही, आणि तो सौम्य करावा लागला. पण सर्वांत विलक्षण गोष्ट भगवंतीच्या बाबतीत घडली. अनेक प्रेक्षकांनी, आणि त्यांत स्त्रियाही पुष्कळ होत्या, तिला आदर्श पत्नी आणि आदर्श माता ठरविले. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी मालिका संपल्यानंतर, १९८७ साली, दिल्ली, पुणे आणि मद्रास येथील १,१७० प्रेक्षकांची पाहणी केली, तेव्हाही हा उलटा परिणाम त्यांच्या ध्यानात आला. पेरले ते एक आणि उगवले ते दुसरेच.

मराठी वाचकाला या घटनेचे फारसे आश्चर्य वाटू नये. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत, १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच, प्रथम रंगभूमीवर आणले. नाटक मद्यपानाच्या विरुद्ध होते. सुधाकराचा अधःपात पाहून प्रेक्षकाने शहारावे हा त्याचा हेतू. परंतु पिढ्यान्‌पिढ्या मराठी प्रेक्षकाच्या मनात घर करून राहिली ती सिंधू. बालगंधर्वांची सिंधू पाहून ज्यांनी डोळे पुसले, त्यांतील कितीजणांनी प्याला टाकला हे सांगता येणार नाही. पण अशी बायको असावी असे मनात म्हणणारे पुष्कळ असले पाहिजेत. सिंधू तरुण आहे, भगवंती प्रौढ आहे. एकीच्या मागे प्रतिभावंत नाटककार आहे, दुसरीच्या मागे सरकारी योजना. तरीही मद्यपी नवऱ्याच्या घरी निमूटपणे राबणाऱ्या या दोघींना प्रेक्षकाने एकाच रीतीने आपलेसे केले.

याचे कारण शोधताना मला स्वतःकडे पाहावे लागते. ‘हम लोग’ चालू असताना आमचे बिऱ्हाड दिल्लीस सरकारी वसाहतीत होते, आणि माझी आई काही महिने आमच्याकडे राहावयास आली होती. शेजारची दोन-तीन कुटुंबेही मालिकेच्या वेळी आमच्या बैठकीत येत. भगवंतीच्या सोशिकपणाचे कौतुक करणाऱ्यांत मी पुढे होतो. ते कौतुक खोटे नव्हते. पण ते मला काही मागत नव्हते, हेही तितकेच खरे. पडद्यावरील बाईसाठी हळहळल्याने घरातील कोणाचेही काम कमी होत नाही आणि कोणाचेही वाढत नाही. करुणा आणि सोय यांची अशी गाठ पडली की करुणेचे रूपांतर स्तुतीत होते, आणि ज्या दुःखाबद्दल वाईट वाटावयाचे तेच भूषण ठरते.

पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, बासू चटर्जी यांची ‘रजनी’ आली. प्रिया तेंडुलकर यांनी रंगविलेली ही गृहिणी वयाने प्रौढ नव्हती, पण आपल्या विषयासाठी तिची आठवण आवश्यक आहे. कारण ती गप्प बसणारी नव्हती, आणि तरीही लोकांनी तिला डोक्यावर घेतले. टॅक्सीचालकांसारखे काही व्यावसायिक तिच्यावर चिडले, हे तिच्या प्रभावाचेच गमक होय. मात्र रजनीचा राग उंबरठ्याबाहेरचा होता. कचेरी, दुकान, गॅसचा पुरवठा यांच्याशी ती भांडे. स्वतःच्या घराशी तिचे भांडण नव्हते. म्हणून तिला टाळी देणेही घरातल्या कोणास जड गेले नाही.

खासगी वाहिन्यांचे युग आल्यावर २००० साली सुरू झालेल्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ने सासू-सुनांच्या मालिकांची लाट आणली. त्या मालिकांत काळाची एकदम वीस वर्षांची उडी घेण्याची रीत पडली. कालची नवी सून आज सासू आणि लवकरच आजी होई. केसांत थोडी चांदी आली की काम भागे. शरीर थकते, मुले दुरावतात, नवऱ्याशी बोलण्यासारखे काही उरत नाही, अशी जी मधली वर्षे, ती या उडीखाली सापडून नाहीशी झाली.

ती वर्षे पडद्यावर आली ती बंगालीतून. जून २०१९ मध्ये स्टार जलसा वाहिनीवर लीना गंगोपाध्याय यांनी लिहिलेली ‘श्रीमयी’ सुरू झाली. इंद्राणी हालदार यांनी नायिकेची भूमिका केली. कथेचा गाभा थोडक्यात सांगता येतो. सर्व आयुष्य घरासाठी वेचलेल्या बाईला पती तुच्छ लेखतो, मुले गृहीत धरतात, आणि पतीचे कचेरीतील सहकारिणीशी असलेले संबंध तिच्यापुढे उघड होतात. ही कथा पाहता पाहता देशभर पसरली. डिसेंबर २०१९ मध्ये ती स्टार प्रवाहवर ‘आई कुठे काय करते’ या नावाने मराठीत आली, आणि मधुराणी गोखले-प्रभुलकर यांची अरुंधती घराघरांत पोचली. २०२० मध्ये हिंदीत ‘अनुपमा’, तमिळमध्ये ‘बाक्कियलक्ष्मी’, तेलुगूत ‘इंटिंटि गृहलक्ष्मी’ आणि मल्याळममध्ये ‘कुटुंबविळक्कु’ अशी तिची रूपे झाली. बदल्यांच्या निमित्ताने प्रांतोप्रांती हिंडणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे विशेष मोल आहे. जी बाई आपल्या घरी मराठीत अश्रू पुसते, तीच भिंतीपलीकडील शेजाऱ्यांकडे तमिळमध्ये किंवा बंगालीत पुसत असते.

या नावांकडे जरा लक्ष द्यावे. तेलुगू नावात ती घरोघरची लक्ष्मी आहे. मल्याळम नावात ती कुटुंबाचा दिवा आहे. ही दोन्ही नावे गौरवाची आहेत, आणि गौरवाच्या आड कष्ट झाकण्याची आपली जुनी रीत त्यांत दिसते. मराठी नाव तेवढे निराळे. ते पूजेतले नाही, बोलण्यातले आहे. ‘आई कुठे काय करते’ हे वाक्य प्रत्येक मराठी घरात केव्हा ना केव्हा, शब्दांनी नाही तर वागणुकीने, उच्चारले गेलेले आहे. मालिकेने प्रेक्षकाच्याच तोंडचे वाक्य घेतले आणि त्याच्यापुढे धरले.

जोपर्यंत अरुंधती सोसत होती तोपर्यंत प्रेक्षकांत मतभेद फारसे नव्हते. भगवंतीसाठी ओलावणारे डोळे तिच्यासाठीही ओलावले. मतभेद सुरू झाले ते तिने अनिरुद्धपासून घटस्फोट घेतल्यावर, आणि ते विकोपास गेले ते २०२३ मध्ये तिने आशुतोष केळकर याच्याशी विवाह केला तेव्हा. हिंदीतील अनुपमाने तत्पूर्वी, २०२२ मध्ये, आणि बंगालीतील श्रीमयीने त्याही आधी हेच केले होते. अनेक स्त्रियांना यामुळे मोकळे वाटले. आपल्या मनातले कोणी तरी बोलले असे त्या म्हणू लागल्या. उलट, मोठी मुले असलेल्या बाईने या वयात बोहल्यावर चढावे, याची थट्टा करणारेही थोडे नव्हते, आणि ते केवळ पुरुष नव्हते. हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाचा हक्क १९५५ सालीच दिला होता. धोंडो केशव कर्वे यांनी त्याच्याही आधी, १८९३ साली, विधवेशी विवाह केला होता. कायदा आणि सुधारणा यांनी केव्हाच ओलांडलेली ही वाट प्रेक्षकाच्या मनाला मात्र अद्याप अवघड वाटत होती. तरुण विधवेची दया येते म्हणून तिच्या पुनर्विवाहाला संमती देता येते. पण प्रौढ स्त्रीला दया नको असते, तिला सोबत हवी असते, आणि ती तसे म्हणते. हे ऐकण्याची सवय आपल्या कानांना नाही.

याहूनही बोधप्रद असा आक्षेपाचा दुसरा प्रकार होता. वेगळी झाल्यावरही अरुंधती जुन्या घराच्या अडचणी निवारण्यासाठी पुनःपुन्हा धावत जाई. मालिका नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली, आणि हे धावणे जवळजवळ अखेरपर्यंत थांबले नाही. त्यावर कित्येक प्रेक्षक वैतागले. अजून हिला त्या घराचे ओझे का वाहावयास लावता, असा त्यांचा लेखकांना प्रश्न होता. १९८४ साली लेखकांना स्त्री पुढे जावी असे वाटत होते आणि प्रेक्षक मागे रेंगाळला होता. या खेपेस लेखक मागे राहिले आणि प्रेक्षकांतील निदान एक भाग पुढे गेला. पस्तीस-चाळीस वर्षांत झालेला पालट कशात मोजावयाचा असेल तर तो या वैतागात मोजावा असे मला वाटते. कोणाच्या सोसण्याचा कंटाळा येणे हीसुद्धा एका अर्थी प्रगती होय.

तथापि या पालटाचा फार गर्व वाहण्याचे कारण नाही. वैतागलेला प्रेक्षकही मालिका संपल्यावर बहुधा ताट वाढण्याची वाटच पाहत असतो. पडद्यावरील अरुंधतीला स्वातंत्र्य देणे सोपे आहे. स्वतःच्या घरातील बाईला अर्धा तास निवांत बसू देणे अधिक कठीण आहे.

दिल्लीतील त्या संध्याकाळी मला अजून आठवतात. बैठकीत आम्ही भगवंतीच्या सहनशीलतेवर बोलत असू, आणि कोणी तरी पाणी मागे. आई उठे. मग चहा होई, पाहुण्यांचे पेले उचलले जात, आतल्या खोलीत मूल रडे. आई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून जेवढे दिसेल तेवढे पाही. आमच्या घरी ती मालिका सर्वांनी पाहिली. आईने मात्र तिचा एकही भाग आरंभापासून अखेरपर्यंत पाहिला नाही, आणि तिला भगवंतीविषयी काय वाटते, हे विचारण्याचे त्या वेळी आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही.