एक पिता, दोन संसार : अपत्यांचे वारसाहक्क

नवी दिल्ली : पहिला विवाह कायम असताना पुरुषाने केलेला दुसरा विवाह हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ११ नुसार रद्दबातल ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ अन्वये त्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तथापि, पित्याच्या गुन्ह्याचा दंड अपत्याला नाही. कलम १६ त्याला औरस मानते. १९७६ पूर्वी हे संरक्षण न्यायालयाने विवाह रद्द ठरविल्यावरच मिळत असे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ही अट दूर झाली.

याच कलमानुसार अशा अपत्याचा हक्क केवळ माता-पित्याच्या मालमत्तेपुरता आहे. तीत वडिलोपार्जित मालमत्तेतील पित्याचा वाटा येतो काय, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठांत मतभेद होते. २०११ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. रेवणसिद्दप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन या प्रकरणात १ सप्टेंबर २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्याचे उत्तर होकारार्थी दिले.

मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबातील पित्याचा वाटा ठरविण्यासाठी त्याच्या मृत्यूच्या लगेच आधी वाटणी झाली असे कायदा गृहीत धरतो. समजा, त्या वाटणीत पित्याला तीन एकर जमीन मिळाली असती, त्याने मृत्युपत्र केलेले नाही आणि पहिली पत्नी, तिचा मुलगा व दुसऱ्या विवाहातील मुलगी एवढेच वारस आहेत. अशा वेळी प्रत्येकास एक एकर मिळेल. दुसऱ्या विवाहातील स्त्री मात्र पत्नी या नात्याने वारस ठरत नाही.

तरीही हे अपत्य जन्माने सहदायाद होत नाही. पित्याच्या हयातीत ते वडिलोपार्जित मालमत्तेची वाटणी मागू शकत नाही. आजोबा वा काका यांच्या मालमत्तेवरही कलम १६ च्या आधारे त्याला हक्क सांगता येत नाही.

निर्वाहाबाबत कायदा अधिक उदार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अज्ञान अपत्यांत औरस-अनौरस असा भेद करीत नाही. रेल्वे कर्मचाऱ्याच्या दुसऱ्या विवाहातील अपत्यास केवळ त्या कारणावरून अनुकंपा नियुक्ती नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले.

कलम १६ चा आधार मात्र विवाह झाला असेल तरच मिळतो. म्हणून अशा दाव्यांत पित्याची ओळख सिद्ध करणे पुरेसे नसते. त्याचा अपत्याच्या मातेशी विवाह झाल्याचा पुरावा निर्णायक ठरतो.