एका वेताचे शिकारी

माहूरच्या शिखरावर जाऊन आलेल्या घरात दत्ताची तसबीर असतेच. मागे गाय, पायाशी चार कुत्रे. चार कुत्रे म्हणजे चार वेद, असे आजीने सांगायचे आणि नातवंडांनी मान डोलवायची, हा पैनगंगेच्या अलीकडचा आणि पलीकडचाही रिवाज. तसबिरीतली एक गोष्ट मात्र सहसा कोणी बोलून दाखवत नाही. ते चौघे एकमेकांवर गुरगुरत नाहीत. आपल्या गल्लीतली चार कुत्री एका भाकरीभोवती उभी करून पाहा, म्हणजे यातले नवल कळेल! वेदांचा अर्थ जाणकारांनी सांगावा; पण अशी गुण्यागोविंदाने उभी असलेली कुत्री बहुधा एका वेताची, एका ताटात वाढलेली असतात, एवढे कुत्री पाळणारा कोणीही सांगेल.

आदिलाबादच्या रानात ही विद्या माणसाच्या किती तरी आधीपासून चालू आहे. तिचा धनी कोळसून. कोणी त्याला कोळसुंदा म्हणते, तेलुगू शेजारी रेचुकुक्क म्हणतो. तांबूस अंग, काळसर झुपकेदार शेपटी, वजन बारा ते वीस किलो. एवढ्याशा जनावराने सांबर पाडावे कसे? तर एकट्याने नाहीच. त्याचा कळप म्हणजे एकत्र कुटुंब असते. वीण करणारी एक जोडी, तिची आधीच्या वर्षांची पोरे आणि जवळचे भाईबंद. ए. जे. टी. जॉनसिंग यांनी १९७६ ते १९७८ या काळात बंदीपूरच्या जंगलात या कळपाचा संसार बारकाईने पाहिला. कळपातले इतर कोळसून पोटभर खाऊन येतात आणि गुहेशी मांस ओकून पिलांना भरवतात, पिलांच्या आईलाही देतात. सहा महिन्यांची पिले मोठ्यांच्या मागोमाग निघतात आणि आठव्या महिन्याच्या सुमारास मोठ्या शिकारीला दात लावू लागतात. दाट झाडीत पांगलेला कळप भुंकून नव्हे, शीळ घालून पुन्हा गोळा होतो. शेपटी मुताने भिजवून कोळसून सावजाच्या डोळ्यांत फटका मारतो आणि त्याला आंधळे करतो, ही जी गोष्ट रानाकाठी सांगतात, ती मात्र गोष्टच समजावी. त्याचे खरे हत्यार भावंडांची संगत. सावज एकाकडे शिंगे वळवते, तोवर दुसरा मागून येतो.

एकट्या कुत्र्याची गत काय होते, ते दख्खनच्या एका शिलालेखात आहे. राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळचा, सन ९४९-५० चा, आतकूरचा हा लेख. मणलेर नावाच्या वीराला पराक्रमाबद्दल काय हवे ते माग म्हटले, तर त्याने काली नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे कालीला एका मोठ्या रानडुकरावर सोडले. दोघेही एकमेकांना मारून मेले आणि कुत्र्याच्या नावाने दगड उभा राहिला. दगड गौरवाचा खरा, पण शिकारीच्या हिशेबाने तो घाट्याचा सौदा होता. कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’त कुत्र्यांसाठी ‘सारमेयविनोद’ हे वेगळे प्रकरण लिहिले, इतका हा विषय दरबारी होता.

मराठी-कानडी सीमेवर मुधोळच्या घोरपड्यांनी पुढे तो नावारूपाला आणला. मालोजीराव घोरपड्यांनी पंचम जॉर्ज बादशहाला कुत्र्यांची एक जोडीच नजर केली, एक कुत्रा नव्हे. आपल्या मराठवाड्यात त्याच धाटणीच्या कुत्र्याला कारवानी म्हणतात. सडपातळ, लांब पायांचा, वासापेक्षा नजरेवर धावणारा. असे दोघे सोडले की एक सशाला वळवतो आणि दुसरा आडवा जातो.

यात एक मेख आहे. एका वेताची पिले सतत एकत्रच ठेवली, तर ती एकमेकांच्या नादी लागतात आणि धन्याची हाक त्यांच्या कानात शिरत नाही. इंग्रजांच्या कोल्हेशिकारीच्या कुत्राघरांत कुत्री मोजतात तीही जोडीने. पिले दोन-दोन करून शेतकऱ्यांच्या घरी वाढवायला देतात आणि परत आल्यावर तरण्याच्या गळपट्ट्याला जाणत्या कुत्र्याचा गळपट्टा जोडतात. कोळसुनाच्या पोरांना जी वडीलधारी मंडळी घरातच मिळतात, ती माणसाला अशी पट्ट्याने बांधून आणावी लागतात.

ज्याच्या घरी ही विद्या उपजत होती, त्याच्यावर माणसाने इनाम लावले, हे या इतिहासातले मला सर्वांत खुपणारे पान. ब्रिटिश हिंदुस्थानात अनेक ठिकाणी मारलेला कोळसून दाखवावा आणि पैसे घ्यावेत, असा कायदेशीर व्यवहार होता. वाघ मारणारा शूर ठरे. आणि हरणावर पोट भरणारा कोळसून क्रूर! साहेबाच्या शिकारीत वाटेकरी, हाच त्याचा मोठा गुन्हा असावा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा व्यवहार संपवला आणि रानात कुत्री सोडून शिकार करणेही.

तोवर आपल्या जिल्ह्याचेही तुकडे पडले होते. १९५६ साली किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आदिलाबाद आंध्रात राहिला, २०१४ साली तेलंगणात आला आणि २०१६ साली त्याचेच चार जिल्हे झाले. २०१२ साली व्याघ्रप्रकल्प झालेल्या कवालच्या रानात कोळसून आजही आहे. त्याला बंदुकीची धास्ती पूर्वीइतकी नाही; आता भीती आहे ती रानाकडेच्या गावांतल्या मोकाट कुत्र्यांची. त्यांच्या अंगावरून डिस्टेंपर किंवा पिसाळरोग कळपातल्या एकाला लागला, तर एकमेकांचे तोंड चाटणारी, एकाच सावजावर जेवणारी बाकीची भावंडे त्यातून सहसा सुटत नाहीत.