दुधाच्या हिशेबातला गोऱ्हा

एक साधा प्रश्न विचारतो. गाय दूध कधी देते? "रोज सकाळी सहाला, दाराच्या कडीला अडकवलेल्या पिशवीत" हे आपल्यासारख्यांचं उत्तर झालं. :-) खरं उत्तर असं की गाय व्याली की दूध देते. नऊ-सव्वानऊ महिने पोटात वासरू, मग वेत, मग काही महिने दूध, मग भाकड. धंदा नीट चालवायचा तर प्रत्येक गाय साधारण वर्षा-सव्वा वर्षाला व्यायला हवी. आणि वासराचं लिंग हा शुद्ध छापा-काटा असल्यामुळे निम्म्या कालवडी होतात आणि निम्मे गोऱ्हे. कालवड म्हणजे उद्याची गाय. गोऱ्हा म्हणजे काय?

आजचा विषय एवढाच. माझं आजोळ शिरूर तालुक्यातलं. शिरूर आणि शेजारच्या दौंडमध्ये गावोगाव काळ्यापांढऱ्या संकरित गायींचे गोठे दिसतात (होल्स्टीन असो की जर्सी, म्हातारी माणसं सरसकट 'जर्शी' म्हणतात). गोठ्यात गायी मोजा, कालवडी मोजा, आणि मग गोऱ्हे मोजायला जा. सापडत नाहीत. छापा-काट्याच्या हिशेबात निम्मे असायला हवेत, मग जातात कुठे? कोणताही प्रोग्रॅमर सांगेल, इनपुट आणि आउटपुटचा मेळ बसत नसेल तर मधे कुठेतरी गळती आहे. ती शोधायची तर थोडं मागे जावं लागतं.

दोन पिढ्यांपूर्वी ही गणितं नेमकी उलटी होती. आपल्या पठारावरची गाय, विशेषतः खिल्लार, ही मुळात दुधासाठी पाळलीच जात नव्हती. ती बैलांसाठी होती. औत, कुळव, पाभर, मोट, गाडी, सगळं बैलाच्या मानेवर. खिल्लार गाय दूध द्यायची ते लिटर-दोन लिटर, आणि त्यातलं बरंचसं गोऱ्ह्यालाच पाजलं जायचं. माणदेशातले खिल्लार पाळणारे तर चांगल्या गोऱ्ह्याला दुसऱ्या गायीचं दूधही पाजत, कारण तो जत्रेत विकला की पैसा. आबाळ व्हायची ती कालवडीची. हे वाचून मी चकित झालो होतो. आज गोठ्यात जे गोऱ्ह्याचं होतं, ते तेव्हा काही प्रमाणात त्याच्या बहिणीचं व्हायचं. जनावर तेच, फक्त बाजाराने त्याच्याकडे मागितलेली वस्तू बदलली.

म्हाताऱ्या बैलाचं काय व्हायचं? त्यालाही वाट होती, पण तिच्याबद्दल फारसं बोललं जात नसे. काही दावणीलाच मरत. मेलेलं जनावर ओढणं हे जातीने महारांवर लादलेलं काम होतं, कातडं ढोर-चांभारांकडे जाई. (१९२७ च्या महाड परिषदेपासून बाबासाहेबांनी मेलेली गुरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडा असं का सांगितलं, हे या साखळीत नीट समजतं. सगळ्या गावाचा हिशेब स्वच्छ राहायचा तो एका समाजाच्या माथ्यावर.) काही बैल बाजारातून कुरेशी व्यापाऱ्यांकडे जात. इंग्रजी अमदानीत गोऱ्या शिपायाच्या शिध्यात गोमांस असे. शिरूर तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठी छावणीच होती. ३१ डिसेंबर १८१७ ला कॅप्टन स्टाँटनची तुकडी कोरेगाव भीमाकडे निघाली ती शिरूरहूनच. पण नुसत्या मांसासाठी जनावर वाढवणारी शेती आपल्याकडे उभी राहिली नाही. मांस हे बैलाच्या आयुष्याच्या शेवटी येणारं उपउत्पादन राहिलं.

आता घटनेकडे येऊ. राज्यघटनेचं ४८ वं कलम काढून बघा. त्यात एकाच वाक्यात दोन गोष्टी आहेत: पशुसंवर्धन आधुनिक आणि शास्त्रीय रीतीने करा, आणि गायी-वासरं व इतर दुभत्या-जुंपण्याच्या जनावरांची कत्तल थांबवा. १९५० मध्ये या दोन्हींत विरोध दिसत नव्हता, कारण गोऱ्हा म्हणजे होणारा बैल, आणि बैल म्हणजे शेतीचं इंजिन. १९५८ साली कुरेशी मंडळींनी सुप्रीम कोर्टात नेलेल्या खटल्याचा निकालही याच तर्काचा होता: गायी आणि वासरांची कत्तलबंदी वैध, पण कामातून गेलेल्या बैलावर सरसकट बंदी नाही. महाराष्ट्राचा १९७६ चा प्राणी संरक्षण कायदा (अंमल १९७८ पासून) याच वळणाचा. गाय आणि तिची वासरं, नर असो वा मादी, कापायची नाहीत. बैल किंवा वळू निकामी झाल्याचा दाखला असेल तर चालेल. म्हणजे युरोपात ज्याला 'व्हील' म्हणतात, ते कोवळ्या वासराचं मांस, आपल्याकडे कायद्याने तेव्हापासूनच बाद.

आणि नेमकं याच काळात कलमाचा पहिला अर्धा भागही जोरात राबवला जात होता, तोही आपल्याच शेजारी. दौंडच्या हद्दीला लागून हवेली तालुक्यात उरुळी कांचन आहे. १९४६ मध्ये गांधीजी तिथे निसर्गोपचार आश्रमासाठी आले आणि मणिभाई देसाईंना मागे ठेवून गेले. मणिभाईंनी आधी गीर गायी सुधारल्या, मग १९६७ मध्ये 'बाएफ' काढली आणि परदेशी वळूंच्या गोठवलेल्या रेतमात्रा गावोगाव पोहोचवल्या. कल्पना साधी आणि जबरदस्त होती. गरीब शेतकऱ्याकडे जमीन वाढणार नाही, पण त्याच्या गायीच्या पोटी दहा-पंधरा लिटरची कालवड जन्माला येऊ शकते, आणि त्यासाठी वळू पाळायलाही नको. १९८२ मध्ये मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिरूर-दौंडच्या कोरडवाहू भागात दुधाच्या दहा दिवसांच्या पगाराने कितीतरी पोरांच्या फिया भरल्या आहेत. आपल्या कंपनीत शेजारच्या क्यूबिकलमध्ये त्यातला एखादा बसलेला असेल, विचारून बघा.

दुसरं टोक 'ऑपरेशन फ्लड'चं, १९७० पासूनचं. त्याच्या पहिल्या टप्प्याचं भांडवल कुठून आलं? युरोपीय आर्थिक समुदायाने जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत भेट दिलेली १,२६,००० टन स्किम दुधाची भुकटी आणि ४२,००० टन बटर ऑइल. ती मुंबई-दिल्लीसारख्या शहरांतल्या डेअऱ्यांना विकून आलेल्या पैशांत आपली दूध व्यवस्था उभी राहिली.

मग युरोपात एवढी भुकटी शिल्लक का होती? कारण तिथेही दूध वाढत होतं, लोणी काढून घेतल्यावर स्किम दूध उरत होतं, आणि दूध वाढलं की अर्थातच गोऱ्हेही वाढत होते. यावर सगळ्यात सफाईदार उत्तर काढलं नेदरलँड्सने. देश केवढा, तर पुणे आणि अहिल्यानगर हे दोन जिल्हे जोडले की त्यांची कोरडी जमीन जवळपास भरते. डच लोकांनी दोन उरलेल्या वस्तू एकमेकींना जोडल्या. उरलेली भुकटी पाण्यात कालवून उरलेल्या गोऱ्ह्याला पाजायची, सहा-आठ महिन्यांनी त्याचं कोवळं मांस इटली-फ्रान्सला विकायचं. जनावरांना पाजायच्या भुकटीला युरोपीय समुदायाचं अनुदानही होतं. धंदा इतका वाढला की स्वतःचे गोऱ्हे पुरेनात, ते जर्मनी-आयर्लंडहून आणायला लागले. आज तिथे वर्षाला साधारण पंधरा लाख वासरं कापली जातात.

थोडा वेळ थांबून बघा. एकाच डोंगरातली भुकटी. एक पोतं हॉलंडच्या गोऱ्ह्याच्या तोंडात गेलं आणि त्याचं मांस झालं. दुसरं पोतं जहाजाने मुंबईला आलं आणि त्यातून पुढे आपले जास्तीचे गोऱ्हे जन्माला आले. त्यांचं काय करायचं, याची चिठ्ठी मात्र पोत्यात नव्हती.

डच उत्तर स्वच्छ होतं असं अजिबात नाही. मांस पांढरंफटक राहावं म्हणून वासराला लोह कमी द्यायचे आणि वळताही येणार नाही अशा पेटीत कोंडायचे. ब्रिटनने त्या पेट्या १९९० मध्ये बंद केल्या, युरोपीय संघाने २००७ पासून. लोक रस्त्यावर उतरले, भांडले, तेव्हा झालं. पण भांडता आलं, कारण ती वासरं मोजलेली होती. कुठे जन्मली, कुठे गेली, याची नोंद होती.

आपल्याकडे काय झालं? एकेक दार बंद होत गेलं. पहिलं दार ट्रॅक्टरने बंद केलं. दुसरं गोऱ्ह्याच्या अंगानेच. संकरित नराला देशी बैलासारखं भरदार वशिंड नसतं, त्यामुळे जू नीट अडत नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात तो धापा टाकतो. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणना शेजारी ठेवल्या तर देशात गायींची संख्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढून १४.५ कोटींवर गेली आणि नरांची सुमारे ३० टक्क्यांनी घटून ६.७९ कोटींवरून ४.७४ कोटींवर आली. जन्म तर निम्मे-निम्मेच होतात. गळती ही अशी आकड्यांत दिसते.

तिसरं दार कायद्याने बंद झालं. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी गुजरातचा खटला ऐकताना १९५८ चा तर्क बदलला. बैल म्हातारा झाला तरी शेण-मूत्र देतो, म्हणून तो निरुपयोगी होतच नाही, असा सूर. महाराष्ट्राने १९९५ मध्ये केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी २०१५ मध्ये मिळाली आणि मार्च २०१५ पासून बैल-वळूही बंदीत आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत आणि दंड दहा हजारांपर्यंत. २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टाने राज्याबाहेरून आणलेलं मांस बाळगण्यावरची बंदी रद्द केली, पण कत्तलबंदी कायम ठेवली. म्हशी-रेडे कायद्याने अजूनही चालतात. पण गाडी अडवणारे रस्त्यात दाखला वाचत बसत नाहीत. या त्रासाला कंटाळून जुलै २०२५ मध्ये कुरेशी समाजाने राज्यभर जनावरांच्या खरेदीवर बहिष्कार टाकला, आणि बाजारात भाकड म्हैस घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यालाही गिऱ्हाईक मिळेना. हा व्यवहार दोन समाजांना किती घट्ट बांधून होता, ते तेव्हा बऱ्याच जणांना कळलं.

आता शेतकऱ्याचं गणित करू. गोऱ्ह्याला रोज तीन लिटर दूध, साठ दिवस, लिटरला तीस रुपये धरले तर ५,४०० रुपये. त्यापुढे वैरण, पेंड, औषध. हाती काय येणार? शून्य. पाच गायींच्या गोठ्यात वर्षाला असे दोन-तीन. मग काय होतं ते गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी मोठ्याने म्हणत नाही. गोऱ्ह्याला चीक पुरेसा मिळत नाही (तोच चीक, ज्याचा खरवस आपण डेक्कनला वाटीने विकत घेतो). मग हगवण लागते, आणि आठ-पंधरा दिवसांत प्रश्न 'आपोआप' सुटतो. नाहीतर रात्री कुणाच्या तरी टेम्पोतून हायवेला सोडला जातो. नगर रोडवर अपरात्री गाडीच्या उजेडात चमकणारे डोळे तुम्हीही पाहिले असतील. कत्तलबंदीचा कायदा कुठेच मोडलेला नसतो. सुरी कुणी चालवलेली नसते.

शेतकरी क्रूर आहे असं वाटत असेल तर त्याच शिरूर-आंबेगाव-जुन्नर पट्ट्यातला शर्यतीचा खिल्लार खोंड बघा. २०१४ मध्ये बंद झालेल्या बैलगाडा शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टाच्या परवानगीने पुन्हा सुरू झाल्या. तेव्हापासून चांगल्या खोंडाला लाखांत किंमत आहे, त्याला दूध-अंडी आहेत, पंखा आहे. तोच माणूस, तोच गोठा. फरक आहे तो फक्त खोंडाच्या किमतीचा.

उपाय निघालेत, नाही असं नाही. लिंगनिश्चित रेतमात्रा आल्यात, त्यांनी सुमारे नव्वद टक्के कालवडी होतात. मला हा सगळ्यात आश्वासक मार्ग वाटतो, कारण तो प्रश्न जन्माआधीच सोडवतो. पण ती मात्रा महाग पडते आणि गाभण राहण्याचं प्रमाण थोडं कमी असतं. शिवाय भाकड गायीचा प्रश्न तिथेच राहतो. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याने देशी गायीला 'राज्यमाता गोमाता' म्हटलं आणि गोशाळांतल्या देशी गायीमागे रोज ५० रुपये द्यायचं ठरवलं. देशी गायीमागे. आपल्या दुधाच्या पिशवीमागचा संकरित गोऱ्हा त्यात बसत नाही. कापायला मनाई करताना तो गोवंश असतो, खायला घालायची वेळ आली की परदेशी ठरतो.

माझं मत कत्तलखाने उघडा असं नाही, आणि बंदी उठवा की ठेवा या भांडणातही मला आज पडायचं नाही. कुणाला गाय माता वाटते, कुणाच्या ताटात ते स्वस्त आणि पिढीजात अन्न होतं, दोघंही याच मातीतले. माझं म्हणणं हिशेबाचं आहे. डच माणसाने गोऱ्ह्याची किंमत ताटात वसूल केली. आपण ती वसूल करायची नाही असं समाज म्हणून ठरवलं असेल, तर त्याच्या वैरणीचा खर्च दुधाच्या दरात धरायला हवा. पिशवीमागे दोन रुपये असोत की पाच, पण ते पिणाऱ्याने द्यायचे. आज दया आपली आणि बिल पाच गायीवाल्याच्या नावावर, अशी व्यवस्था आहे. त्याला ते परवडत नाही, म्हणून शेवटी बिल गोऱ्हा भरतो.

असो. वाचणाऱ्यांत शिरूर-दौंडकडचे कुणी असतील तर तुमच्या गोठ्यात शेवटचा गोऱ्हा मोठा झालेला कधी पाहिला, ते जरूर लिहा.