बासेल मिशनचे उद्योग

बासेल मिशनचे उद्योग म्हणजे स्वित्झर्लंडमधील बासेल येथे १८१५ साली स्थापन झालेल्या प्रोटेस्टंट मिशनने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर चालवलेले विणकामाचे व कौलांचे कारखाने. नफा मिळवणारा व्यवसाय हा धर्मकार्याचाच भाग मानण्याच्या विचाराचे हे एक ठळक उदाहरण होय. कोकणात व गोव्यात घरोघरी पोहोचलेल्या ‘मंगलोरी कौला’चा उगम येथेच आहे.

== पार्श्वभूमी ==
मिशनचे पहिले धर्मोपदेशक १८३४ मध्ये मंगळूरला आले. धर्मांतर करणाऱ्यास जात वाळीत टाकी आणि त्याबरोबर त्याची उपजीविकाही जाई. बिल्लव समाजातील नवख्रिस्त्यांपुढे दुहेरी अडचण होती; ताडी काढणे हा त्यांचा परंपरागत धंदा मिशनलाच अमान्य होता. केवळ दानधर्मावर मंडळी पोसणे शक्य नव्हते. त्यामुळे उद्योगांची सुरुवात व्यापारी धोरणातून नव्हे, तर गरजेतून झाली.

== कारखाने ==
जॉन हॅलर याने १८५१ च्या सुमारास मंगळूरला विणकामशाळा उभी केली. खाकी रंगाच्या कापडाचे श्रेयही त्यालाच दिले जाते. १८५९ मध्ये बासेल येथे स्वतंत्र व्यापारी कंपनी स्थापन झाली. भागधारकांना मर्यादित लाभांश देऊन उरलेला नफा मिशनकार्याकडे वळवावा, अशी तिची रचना होती. आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट (आजचे घाना) येथेही ही कंपनी व्यापार करी. मद्यविक्री मात्र तिने कटाक्षाने टाळली.

जॉर्ज प्लेब्स्ट याने मंगळूरजवळील नद्यांची चिकणमाती पारखून १८६५ मध्ये जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारी ही चपटी, खाचांची कौले नळीच्या कौलांप्रमाणे सहज सरकत नसत आणि वारंवार शाकारण्याचा त्रासही कमी होई. पुढे कोळिकोड, पालघाट आदी ठिकाणीही मिशनचे कारखाने निघाले.

== मतभेद ==
एकच संस्था मालक आणि धर्मगुरू, दोन्ही झाल्याने कामगाराची रोजी व त्याचे मंडळीतील स्थान एकमेकांत गुंतले. मजुरी किंवा कामाची शिस्त यांविषयीची तक्रार मग निव्वळ कारखान्यापुरती राहत नसे. नफ्याच्या मागे लागल्याने उपदेशकार्य मागे पडेल, ही शंका मिशनमधील काहींनाही होती. या आक्षेपाचे समाधानकारक उत्तर मिशनला सापडले, असे म्हणता येत नाही.

== अखेर ==
पहिल्या महायुद्धात मिशनमधील जर्मन मंडळींमुळे ब्रिटिश सरकारने हे उद्योग ताब्यात घेतले. १९१९ मध्ये ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे सोपवण्यात आले.