होगनची काच

गोल्फमधला चेंडू जमिनीवर मुकाट बसलेला असतो. समोर बोलर नाही, स्पिन नाही, बाउन्सर नाही. तरीही तो सरळ मारणं भल्याभल्यांना जमत नाही. का, हे समजावण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयत्न १९५७ साली बेन होगनने केला.

होगन टेक्सासचा. लहानपणी कॅडी म्हणून इतरांच्या बॅगा वाहायचा. सुरुवातीची कित्येक वर्षं त्याचा चेंडू हवेत डावीकडे वळायचा. तो दोष त्याने अफाट सराव करून काढला. फेब्रुवारी १९४९मध्ये त्याच्या गाडीला बसने समोरून धडक दिली. त्यात तो जेमतेम वाचला आणि पुढच्याच वर्षी यूएस ओपन जिंकला. असा माणूस स्विंग समजावतो म्हटल्यावर लोक कान देणारच. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’मध्ये हर्बर्ट वॉरन विंडच्या साथीने त्याने पाच लेख लिहिले, अँथनी राविएलीने चित्रं काढली, आणि त्यातून ‘फाइव्ह लेसन्स’ हे पुस्तक झालं.

आधी पाय. नवख्या माणसाला पाय थेट झेंड्यावर रोखावेसे वाटतात. पण आपण चेंडूच्या बाजूला उभे असतो. त्यामुळे शिक्षक रेल्वेच्या रुळांचं उदाहरण देतात. पलीकडच्या रुळावर चेंडू, तो रूळ झेंड्याकडे जातो. अलीकडच्या रुळावर आपली पावलं, तो झेंड्याच्या किंचित डावीकडून जातो. रूळ लांबवर एकत्र आल्यासारखे दिसतात, पण येत नाहीत.

मग स्विंग. क्रिकेटमधल्या स्ट्रेट ड्राइव्हला बॅट जवळपास उभ्या प्रतलात फिरते. गोल्फमध्ये ते प्रतल तिरकं असतं. होगनने कल्पना मांडली ती एका काचेची: चेंडूपासून खांद्यांपर्यंत तिरकी टेकवलेली, मधल्या भोकातून खेळाडूचं डोकं बाहेर. क्लब मागे नेताना हातांनी ती फोडायची नाही. खाली येताना मात्र काच थोडी आडवी होते आणि झेंड्याच्या किंचित उजवीकडे वळते, असं तो सांगतो. हा दुसरा भाग बरेच जण विसरले. लक्षात राहिली ती पहिली काच, कारण तिचं चित्र एकदा पाहिलं की डोळ्यांसमोरून हलत नाही.

प्रत्यक्षात हात, खांदे आणि क्लब एकाच प्रतलात फिरत नाहीत. क्लबचं डोकं चेंडूच्या आसपासच्या टप्प्यात तेवढं जवळपास एका प्रतलात असतं. शिवाय प्रतल तिरकं असल्यामुळे क्लब खाली उतरत असताना बाहेरच्या बाजूलाही सरकत असतो. म्हणजे प्रतल अगदी झेंड्याच्या दिशेने असलं, तरी उतरत्या क्लबची वाट थोडी उजवीकडे जाते.

त्याहून मोठा घोळ दिशेचा होता. कित्येक वर्षं पुस्तकं शिकवायची, की चेंडू क्लबच्या वाटेने निघतो आणि क्लबचं तोंड ज्या बाजूला असेल तिकडे नंतर वळतो. १९६८च्या ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’मध्ये कॉक्रन आणि स्टॉब्स यांनी वेगळं लिहिलं होतं, पण शिकवणाऱ्यांपर्यंत ते फारसं पोचलं नाही. २००३मध्ये सुरू झालेल्या ट्रॅकमन या डॅनिश कंपनीच्या रडारमुळे ते सर्वांना दिसलं: चेंडू मुख्यतः तोंडाच्या दिशेने निघतो. तोंड आणि वाट यांच्यातल्या फरकामुळे तो वळतो.

आता गंमत बघा. डावीकडून निघून झेंड्यापाशी परतणारा फटका मारायचा, तर जुना सल्ला होता: तोंड झेंड्याकडे, वाट डावीकडे. तसं केलं तर चेंडू झेंड्याच्या उजवीकडे पडेल. सल्ला देणाऱ्या विजेत्यांचे चेंडू मात्र बरोबर झेंड्यापाशी पडत होते. म्हणजे त्यांचे हात वेगळंच काही करत होते.

प्रोग्रॅमिंगमध्ये हे रोज दिसतं. कोड बरोबर चालतो, शेजारची कॉमेंट चुकीची असते. कॉम्प्युटर कॉमेंट वाचत नाही. वाचतो तो नवीन आलेला माणूस. विजेत्यांचं यात काही बिघडलं नाही. बिघडलं ते त्यांची पुस्तकं वाचून रविवारी मैदानावर जाणाऱ्यांचं, आणि त्यांना वाटत राहिलं की दोष आपल्याच अंगात आहे.

होगनची काच टिकली ती मोजमाप म्हणून नाही, शरीराला दिलेली सूचना म्हणून. आजही कोच मोबाइलवर तुमचा व्हिडिओ थांबवतो आणि चेंडूपासून खांद्यापर्यंत एक तिरकी रेघ ओढतो. ती रेघ म्हणजे होगनची काचच, कडेकडून पाहिलेली.