रोज ओलांडलेला ओढा

आपल्या वर्गातली निम्मी मुलं सहकारनगर, पद्मावती, दत्तवाडीकडून यायची. म्हणजे आपण आंबील ओढा ओलांडूनच शाळेत येत होतो. फक्त त्याला ओढा न म्हणता नाक दाबून पार करायचा नाला म्हणत होतो. हा नाला पेशवाईच्या इतिहासातला आहे, हे मला फार उशिरा कळलं. (बाई, ही तक्रार नाही, अभ्यासक्रमातच नव्हता!)

कात्रजच्या डोंगरातून निघणारा हा ओढा पूर्वी गावातून वाहत मुठेला मिळायचा. पूर्वेला नागझरी, पश्चिमेला आंबील ओढा आणि मध्ये कसबा, असं जुनं पुणं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, कात्रजला बांध घालून तलाव झाला. तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून, निव्वळ उताराच्या जोरावर, शनिवारवाड्यापर्यंत आणलं. माणूस चालत जाईल एवढा हा नळ, त्याला जागोजागी उच्छ्वास. त्याच काळात पर्वतीच्या पायथ्याशी ओढा अडवून तळं केलं आणि प्रवाह पश्चिमेला वळवून मुठेत सोडला. मी सॉफ्टवेअरवाली, मला यात बफर दिसतो. त्यांनी पाणी वळवलं, पण त्याला थांबायला जागाही ठेवली.

पुढे पर्वतीचं तळं बुजलं; तिथे आज सारसबाग आणि पेशवे पार्क आहेत. शहर दक्षिणेला पसरलं, ओढ्याच्या काठाने भिंती उभ्या राहिल्या, पात्र आवळत गेलं. १९६१च्या पानशेतनंतर पूर म्हटलं की पुणेकर मुठेकडे बघायचे.

२०१९चा पावसाळा लांबला होता. देशातून मोसमी पावसाची माघार सुरू झाली तीच मुळी ९ ऑक्टोबरला. सप्टेंबरात दुपारी उकडायचं, संध्याकाळी ढग दाटायचे आणि विजांच्या कडकडाटात कोसळायचे. असा एखादा पाऊस शहर सोसतं. पण तो पुन्हा पुन्हा आला की जमीन पाणी पिईनाशी होते, तलाव काठोकाठ भरतो आणि पुढची सर थेट ओढ्यात उतरते. २५ सप्टेंबरच्या रात्री तेच झालं. कात्रजकडून आलेला लोंढा अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल परिसरात घुसला. टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. गाड्या एकावर एक चढल्या, जनावरं दावणीलाच बुडाली. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक बळी गेले. आपल्या ग्रुपवर पहाटेपर्यंत हजेरी चालली होती, आठवतं? एकेकाचं ‘हजर’ येईपर्यंत कुणी झोपलं नाही.

जून २०२१मध्ये दांडेकर पुलाजवळच्या आंबील ओढा वसाहतीत घरं पाडायला बुलडोझर आले. ओढ्याचा प्रवाह सरळ करायचा होता. रहिवासी आडवे आले, न्यायालयाने स्थगिती दिली. मला स्वतःला हा उपायच पटत नाही. सरळ केलेला ओढा पाणी आणखी वेगाने खाली नेणार, वरून येणारं पाणी काही कमी होणार नाही. पर्वतीचं तळं आता परत येत नाही, पण कात्रजच्या तलावातला गाळ तरी दर उन्हाळ्यात काढता येतो.